अपघात म्हणून नोंद

३ मार्च २०२५, सोमवार

परीक्षितला जाऊन आज एक्कावन्न दिवस झाले.

समुपदेशक बाई म्हणाल्या, बोलता येत नसेल तर लिहा. मला लिहायची सवय म्हणजे एकवीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये बग रिपोर्ट लिहिले, तेवढीच. त्यात तीन गोष्टी लिहायच्या असतात. काय झालं, काय व्हायला हवं होतं, दुरुस्ती कोणी करायची.

काय झालं: ११ जानेवारी, शनिवार. आमच्या ट्रेसी गावातल्या घरापासून सत्तर मैलांवर, आल्टा काउंटीत, सकाळी दाट धुक्यात एक पिकअप ट्रक कालव्याच्या बांधावरून पाण्यात गेला. डेल मर्कर नावाचा एकाहत्तर वर्षांचा माणूस चालवत होता. शेजारी माझा मुलगा. डेल बाहेर आला, त्याचं खांद्याचं हाड मोडलं. परीक्षित सव्वीस वर्षांचा होता.

काय व्हायला हवं होतं: उलट.

दुरुस्ती कोणी करायची: शेरीफच्या ऑफिसने. डेप्युटी रोहास यांनी लिहिलं, धुकं दाट, वेग कमी, चालक प्यायलेला नाही. अपघात म्हणून नोंद. फाइल बंद.

९ मार्च, रविवार

रिपोर्टमध्ये एक ओळ आहे. ट्रक हरवलेला शिकारी कुत्रा शोधायला निघाला होता.

मला हा प्रकार माहीत नव्हता, आता वाचून काढला. त्याला कोर्सिंग म्हणतात. हिवाळ्यात शनिवारी-रविवारी तीस-चाळीस माणसं मोकळ्या रानात एका रांगेत चालतात. लांब कानांचा मोठा रानससा उठला की त्याला थोडं पुढे जाऊ देतात आणि त्याच्यामागे तीन ग्रेहाउंड सोडतात. कुत्रे ओळखू यावेत म्हणून एकाच्या अंगावर लाल जाकीट, एकाच्या पिवळं, एकाच्या गुलाबी. कोण वेगात पळाला, कोणी ससा वळवला, कोणी धरला, याचे गुण. डेल मर्कर अशा एका क्लबचा प्रमुख आहे.

परीक्षित तिथे काय करत होता, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडलाय. तो जनावरांच्या दवाखान्यात टेक्निशियन होता. घरात अंड्यापलीकडे काही नाही. आठवीत असताना शाळेत बेडूक कापायचा म्हणून रडला होता. असा मुलगा ससे फाडणाऱ्या लोकांत एकाच कारणासाठी जाईल. त्यांना पकडून द्यायला.

शेरीफने परत दिलेल्या पिशवीत फोन, पाकीट, बूट आणि लाल कापडाचं काहीतरी होतं, पट्टे असलेलं. माझ्या बायकोने, शोभाने, ते कापड धुवायला घेतलं. पुन्हा दिसलं नाही.

२६ एप्रिल, शनिवार

फोन उघडला. पासवर्ड शोभाला माहीत होता. मला नव्हता.

एकेचाळीस व्हिडिओ आहेत, सगळे त्या रानातले. मला वाटत होतं ते बरोबर निघालं. पुरावा गोळा करत होता. आपल्या घरात कोणी इतकं धाडसाचं काम करतंय आणि मला पत्ता नाही.

टेस्टर म्हणून एक नोंद. ससा फार थोडा वेळ दिसतो. कॅमेरा सतत एकाच कुत्र्यावर असतो, करड्या अंगावर काळे-तपकिरी पट्टे असलेल्या. पळता ससा कॅमेऱ्यात धरणं अवघड जात असणार.

शोभा सकाळीच लिव्हरमोरच्या देवळात गेली. जाताना उकडलेल्या अंड्यांचा डबा घेऊन गेली. परीक्षितला आवडायची म्हणून कोणाला तरी देत असेल. मी विचारलं नाही.

१७ मे, शनिवार

मराठी मंडळातल्या वीणाची मुलगी स्वानंदी सॅक्रामेंटोला प्राण्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत वकील आहे. आज घरी आली. इथेच जन्मलेली, पण काका-काकू म्हणते. व्हिडिओ पाहिले.

"काका, धिस इज ह्यूज. आल्टा काउंटीत आम्ही दोन वर्षं बॅन ट्राय करतोय. काउंटीचे कायदे करणाऱ्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्समध्ये पाच जण आहेत. दोन आपल्या बाजूने, दोन अगेन्स्ट, एक अनडिसायडेड. दे नीड अ फेस."

"माझा?"

"परीक्षितचा. पण बोलणार तुम्ही."

मग एका व्हिडिओवर थांबून म्हणाली, "तो हसतोय का इथे?"

"घाबरला की हसायचा," मी म्हणालो.

ती निघाल्यावर शोभा आली. बुटांना चिखल. मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ शालीवरचे बारीक केस वेचत बसली होती. म्हणाली, "कशाला त्याला चव्हाट्यावर आणता?"

"त्याचं अर्धं राहिलेलं काम आहे."

"त्यानं सांगितलं होतं तुम्हाला, हे त्याचं काम म्हणून?"

तिला सगळं विसरून जायचंय. मला नाही.

१४ जून, शनिवार

खरं लिहायचं तर सशांचं मला काही पडलेलं नाही. आमच्या मागच्या अंगणात येऊन पालक खाणारा ससा मी पाइपच्या पाण्याने हाकलतो.

मला डेल मर्कर हवाय. त्याला तुरुंग होणार नाही, ते कळलं. दिवाणी दावा लावा असं एकाने सुचवलं, पण त्याचा विमा भरपाई देईल आणि हा पुढच्या शनिवारी पुन्हा कुत्रे घेऊन रानात. त्याला बायको नाही, मूल नाही. स्वानंदीने माहिती काढली आहे. चौदा वर्षांचा असल्यापासून कोर्सिंग करतो, घरी अकरा ग्रेहाउंड आहेत. त्याच्यापाशी एवढंच आहे. तेच जावं त्याचं. सत्तावन्न वर्षं केलेली गोष्ट गुन्हा आहे, असं कागदावर लिहिलेलं त्याने वाचावं. त्यानंतर तो दर शनिवारी उठेल आणि त्याला जायला जागा नसेल. मला नाही, तशी.

हे स्वानंदीला सांगितलेलं नाही. तिच्यासमोर मी 'मुकी जनावरं' म्हणतो.

२२ जुलै, मंगळवार

गाडीची सर्व्हिसिंग केली. मार्चपासून तीन हजार मैल जास्त पडलेत. लिव्हरमोरचं देऊळ इथून वीस मैलांवर आहे. शोभा कुठेतरी गाडी चालवत रडत फिरत असावी. फिरू दे. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये बसून रडतो, तेही मी कोणाला सांगितलेलं नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज जाहीर सुनावणी झाली. सभागृह भरलं होतं. अर्धे लोक क्लबचे, टोप्यावाले, अर्धे स्वानंदीचे, हिरव्या टी-शर्टमधले. प्रत्येकाला तीन मिनिटं. समोर दिवे असतात, हिरवा, पिवळा, लाल.

डेल मर्करला पहिल्यांदा पाहिलं. उंच, वाकलेला, उजवा खांदा अजून खाली. मी त्याच्याकडे बघतच होतो. त्याने एकदा पाहिलं आणि टोपी काढली. परत घातली नाही.

आमच्या बाजूने एक पशुवैद्य बोलले. दोन कुत्र्यांच्या तोंडात सापडलेला ससा लगेच मरत नाही, दोन्हीकडून ओढला जातो, किंचाळतो, अगदी तान्ह्या मुलासारखा.

मग एक शेतकरी बाई उठल्या. "माझ्या आल्फाल्फा गवताच्या शेतात ससे झाले की मी विष घालते. कायदेशीर. माझा भाऊ रात्री दिव्याच्या झोतात धरून बंदुकीने उडवतो. तेही कायदेशीर. आणि ज्या एका प्रकारात दहापैकी आठ ससे पळून जातात, तेवढाच गुन्हा? तुम्हाला ससा मेल्याचं दुःख नाही. आम्ही मजेत बघतो याचं दुःख आहे."

एक हिरवा टी-शर्ट मागून ओरडला, "येस, एक्झॅक्टली!"

लोक हसले. टोप्यावालेही हसले.

माझा नंबर. कागद नेला होता, तो वाचलाच नाही. "माझा मुलगा तुमच्या रानात हे थांबवायला गेला होता," मी म्हणालो. "एकटा. गुपचूप. त्याने एकेचाळीस व्हिडिओ काढले. एका हरवलेल्या कुत्र्यापायी त्याला मारलं." लाल दिवा लागला तरी कोणी मला थांबवलं नाही.

मिसेस ओर्टेगा म्हणून सुपरवायझर आहेत, ज्यांचं अजून ठरलेलं नाही त्या. त्यांनी विचारलं, "मिस्टर पाध्ये, तुम्ही स्वतः कोर्सिंग पाहिलंय का?"

"व्हिडिओत."

"आय सी," त्या म्हणाल्या.

नंतर डेलचा नंबर. मला वाटलं आता हा परीक्षितबद्दल खोटं बोलेल. तो माइकपाशी उभा राहिला, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे शोभा बसली होती तिच्याकडे. म्हणाला, "माझा वेळ मी सोडतो," आणि जाऊन बसला.

मला आनंद झाला. तोंड नाही त्याला. स्वानंदीने मिठी मारली. "काका, यू किल्ड इट!"



२४ सप्टेंबर, बुधवार

मतदान ७ ऑक्टोबरला. स्वानंदी म्हणते, या नव्या कायद्याला 'परीक्षितचा कायदा' म्हणू या. मी हो म्हटलं.

सगळा पुरावा तपासल्याशिवाय मी आयुष्यात कुठली सही केलेली नाही. म्हणून काउंटीकडे माहिती मागितली आहे, या क्लबबद्दल गेल्या पाच वर्षांत आलेले सगळे कागद, तक्रारी, परवाने, कुत्र्यांच्या रेबीज लसीच्या याद्या. स्वानंदी म्हणाली, "काका, गरज नाहीये." पण मला पूर्ण फाइल हवी. डेलने एखादी लस जरी चुकवली असेल तर तीही बाहेर काढीन.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

कागद आले. एकशे बारा पानं. चौऱ्याण्णवाव्या पानावर क्लबच्या कुत्र्यांची यादी आहे, लसीच्या तारखेसह. अकरा कुत्रे डेल मर्करचे. त्याच्याच पत्त्यावर बारावा:

चिवडा. नर. तीन वर्षं. करडा, पट्टेरी. मालक: परीक्षित एम. पाध्ये.

चिवडा हे नाव कुठल्या गोऱ्या माणसाने ठेवलेलं नाही.

पान घेऊन स्वयंपाकघरात गेलो. शोभा अंडी सोलत होती. पान ओट्यावर ठेवलं. तिने हात पुसले, वाचलं, परत अंडी सोलायला लागली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पिल्लू आणलं त्या दिवसापासून. फोटो पाठवला होता मला. म्हणाला, आई, अंगावर बघ, शेव, पोहे, दाणे, सगळं आहे. याचं नाव चिवडा."

"आणि मला नाही सांगायचं?"

"शनिवारी कुठे जातोस, असं तुम्ही त्याला कधी विचारलंत?"

मी विचारलं नव्हतं. त्याने इंजिनिअरिंग सोडून दवाखान्यात नोकरी धरली, तेव्हापासून आम्ही हवामानाबद्दल बोलत होतो.

"म्हणजे तो ससे मारायचा."

"मारायचा नाही, पळवायचा म्हणायचा. कधी मरायचा ससा. त्या दिवशी जेवायचा नाही नीट. पुढच्या शनिवारी परत जायचा. मी म्हटलं होतं त्याला, सोड हे. म्हणाला, आई, तू एकदा ये आणि बघ."

"आणि तू देवळात जाते म्हणून त्या माणसाच्या घरी..."

"त्या माणसाच्या घरी नाही, चिवड्याकडे जाते. शनिवार असला की फाटकात येऊन बसतो तो. कोणीतरी जायला हवं ना?"

मी विचारलं, त्या दिवशी हरवलेला कुत्रा कोणता होता.

"हाच," शोभा म्हणाली. "दुपारी आपला आपण परत आला."

७ ऑक्टोबर, मंगळवार

चार दिवस विचार केला. स्वानंदीला फोन करून सांगता आलं असतं की मी सुनावणीत जे बोललो ते चूक होतं. मी चूक आढळली की त्याच दिवशी नोंदवणारा माणूस आहे.

केलं नाही. कारण लिहितो. ट्रक डेल चालवत होता. यादीत परीक्षितचं नाव निघालं म्हणून ते बदलत नाही. उलट आता माझा राग वाढलाय. माझ्या मुलाचे शनिवार त्या माणसाला मिळाले. तीन वर्षांचे. मला एक मिळाला नाही.

मतदान झालं. तीन विरुद्ध दोन. मिसेस ओर्टेगा म्हणाल्या, "कुत्री, ससे, परंपरा या सगळ्यावर दोन्ही बाजूंनी मला पटण्यासारखं ऐकायला मिळालं. पण एक तरुण या गोष्टीच्या विरोधात उभा राहून गेला, ते मला विसरता येत नाही." आणि हो म्हणाल्या.

डेल शेवटच्या रांगेत होता. आजही गप्प. एका शब्दात त्याला जिंकता आलं असतं. तो का बोलला नाही हे मला माहीत आहे आणि ते मला लिहायचं नाही.

शोभा आली नव्हती.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

बोर्डात कायद्याचं दुसरं वाचन. औपचारिक. पास. तीस दिवसांनी लागू.

दिवाळी आहे. आमच्याकडे यंदा सण नाही. शेजारच्या राधिकाने तरी फराळाचा डबा आणून दिला. शोभाने झाकण उघडलं, वर चिवडा होता. झाकण लावून डबा तसाच ठेवला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आजपासून कायदा लागू. रस्त्यांवर पिवळ्या पाट्या लावल्यात, कोर्सिंगला मनाई, खाली तक्रारीचा फोन नंबर. स्वानंदीने फोटो पाठवला. पाटीवर परीक्षितचं नाव आहे.

वाटलं होतं तसं काही वाटलं नाही. अजून काहीतरी बाकी आहे असं वाटलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बाकी होतं ते आज केलं.

शोभाकडून कळलं की डेल घर विकून कुत्र्यांसह नेवाडाला जाणार आहे, तिथे अजून चालतं. म्हणजे मी एवढं करून तो राज्याची सीमा ओलांडून तेच करणार. आणि चिवड्यालाही नेणार होता. शोभाने हो म्हटलं होतं. "त्याला कळपाची सवय आहे, आपल्या अंगणात काय करील? मी महिन्यातून एकदा जाईन."

मी यादीचं पान, मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र घेऊन गेलो. कुत्रा माझ्या मुलाच्या नावावर, म्हणजे कायद्याने आमचा. शोभा गाडीत बसली ती हात जोडून म्हणत होती, "अहो, नका करू. त्याच्यासाठी तरी नका करू."

डेलने कागद पाहिलेच नाहीत. आत जाऊन चिवड्याला घेऊन आला. एक भांडं, एक घोंगडी आणि सोडायचा पट्टा दिला. हा साखळीसारखा नसतो. दुहेरी असतो, एक टोक बोटांनी सोडलं की कुत्रा मोकळा. मला दाखवायला लागला. मी म्हणालो, मला सोडायचा नाहीये.

"नो, सर," तो म्हणाला.

मग मी विचारलं. दहा महिने जे विचारायचं होतं ते. "धुकं दिसत नव्हतं तुला?"

"दिसत होतं. मी म्हटलं होतं, थांबू या, कुत्रा येईल. तो पायीच निघाला. कालव्याच्या बाजूने, हाका मारत. मला वाटलं, ट्रकमध्ये तरी नीट राहील." मग म्हणाला, "रोज वाटतं, त्याला चालत जाऊ द्यायला हवं होतं."

मी म्हणालो, "हो. द्यायला हवं होतं."

हे वाक्य त्याला लागलं. लागलेलं मी पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं, साधारण घरी पोचेपर्यंत.

२९ नोव्हेंबर, शनिवार

कुत्रा नीट खात नाही. सकाळपासून दाराशी उभा आहे. बसतही नाही. दाराकडे तोंड करून उभा.

शोभा म्हणाली, "घेतलंत ना त्याच्याकडून? आता ठेवा. कपाटात ठेवा, पदकासारखा."

१३ डिसेंबर, शनिवार

काल चुकून कळलं. मी जेवायला बसताना शोभाला म्हटलं, "चल, जेवून घे." चिवडा दारापासून आला आणि भांड्यातलं सगळं संपवलं. तीन आठवडे त्याचं भांडं मी भरत होतो आणि त्याच्याशी इंग्रजीत बोलत होतो, अमेरिकन कुत्रा म्हणून. परीक्षित त्याच्याशी मराठी बोलायचा. माझ्याशी मात्र इंग्रजी.

आज त्याला फिरवून आणलं. माझ्या डाव्या पायाला चिकटून चालतो. ओढत नाही. कोणीतरी नीट शिकवलंय.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

तिथीने आज वर्षश्राद्ध. गुरुजी व्हिडिओ कॉलवर. शोभाने घास बाजूला काढला, गाईला द्यायचा असतो तो. इथे गाय कुठली. चिवड्याने खाल्ला. दोघांपैकी कोणीही त्याला हाकललं नाही.

११ जानेवारी, रविवार

तारखेने आज वर्ष. शोभाला कालव्यावर जायचं होतं. मी जागा कधी पाहिली नव्हती. चिवड्याला घेऊन गेलो.

धुकं नव्हतं. ऊन होतं, हवा गार. बांध अगदी साधा आहे. पाणी माझ्या छातीइतकंही नसेल. शोभाने फुलं सोडली आणि तिथेच बसली. मी चिवड्याला घेऊन शेताच्या कडेने चालत गेलो. कोपऱ्यावर पिवळी पाटी होती.

चिवडा एकदम ताठ झाला. चाळीस पावलांवर ससा उठला. मला वाटत होतं त्यापेक्षा फार मोठा, कान उन्हात लाल दिसणारे. निघाला.

हात सुटला असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. डेलने दाखवलं होतं तसं पट्ट्याचं एक टोक बोटांतून सोडलं. मी सोडला.

जे झालं ते मी लिहू शकत नाही, मला तसं लिहिता येत नाही. नोंद अशी. अठ्ठेचाळीस सेकंद. चिवड्याने त्याला दोनदा वळवलं. दुसऱ्यांदा ससा उलटला असं वाटलं, पण तो त्याच्या पोटाखालून निघाला, कुंपणाच्या तारेखालून गेला, दिसेनासा झाला. त्या सगळ्या वेळात कोणीतरी मोठ्याने ओरडत होतं. शोभा धावत आली तेव्हा कळलं की मी होतो. घसा बसला होता. ती म्हणाली, "काय झालं, काय झालं?" मला हसू येत होतं. घाबरल्याचं नव्हतं ते.

व्हिडिओत तो हसत होता, त्याचं कारण आता माझ्याकडे आहे.

चिवड्याच्या पायाला तार लागून रक्त आलं. शोभाने माझ्यादेखत डेलला फोन लावला, काय लावायचं विचारायला. स्पीकरवर. त्याने औषध सांगितलं. मग विचारलं, "ससा?"

शोभाने फोन माझ्यापुढे धरला.

"सुटला," मी म्हणालो. "दोनदा वळवला."

"दोनदा," डेल म्हणाला. मग म्हणाला, "ही ऑल्वेज कुड टर्न देम."

मी त्याला माफ केलेलं नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

पण वर्षभर मी म्हणत आलोय की कोणाला तरी शिक्षा झाली पाहिजे. पाटीवरचा नंबर लावला. रविवार, मशीन होतं. नाव, जागा, वेळ सांगितली. कुत्र्याचा मालक, परीक्षित पाध्ये. सोडणारा, मनोहर पाध्ये. शोभा गाडीत चिवड्याचा पाय धरून बसली होती. तिने मला अडवलं नाही.

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी काउंटीतून फोन आला. तेच, डेप्युटी रोहास. आवाज ओळखला.

"सर, तुमचा मेसेज ऐकला. ससा मेला का?"

"नाही."

"कोणी पाहिलं?"

"माझ्या बायकोने. मी."

"कालचा दिवस कोणता होता मला माहीत आहे, सर. कुत्रा जोरात असतो. पट्टा हातातून निसटतो. असं होतं."

"निसटला नाही. मी सोडला."

"मी अपघात म्हणून नोंद करतोय."

"तसं लिहू नका. प्लीज. तसं झालेलं नाही."

"टेक केअर ऑफ युअरसेल्फ, सर," ते म्हणाले. पलीकडे की-बोर्डचा आवाज येत होता.